अंडी चोरीला गेली म्हणून घरटं सगळ्यांना दाखवलं

नमस्कार मंडळी! आज गोष्ट सांगणारे ती स्कॉटलंडची, पण त्यातला पक्षी आपल्या बघण्यातला आहे. थंडीत भिगवणला गेलात, उजनीच्या पाण्यात होडीत बसलात, की होडीवाले काका हमखास सांगतात, ते बघा तिकडं, वाळक्या झाडावर. तीच ही, मीनखाई घार, ऑस्प्रे. पाठ तपकिरी, पोट पांढरं, डोळ्यावरून काळा पट्टा, आणि खाणं म्हणाल तर मासे, मासे आणि मासे.

ती मासा पकडते ते एकदा तरी बघाच. वर हवेत एका जागी पंख मारत थांबते आणि मग सरळ खाली येते, शेवटच्या क्षणी पाय पुढे टाकून धपकन पाण्यात. पायाचं बाहेरचं बोट मागे फिरतं, म्हणजे दोन बोटं पुढून आणि दोन मागून अशी पकड बसते, शिवाय तळव्याला बारीक काटे असतात त्यामुळे कितीही बुळबुळीत मासा असला तरी निसटत नाही. उडताना त्याचं तोंड पुढे करून धरते, वारा कमी लागावा म्हणून. आपल्याकडे ती पाहुणी, हिवाळा काढते आणि उत्तरेकडे जाते. घरटी तिकडंच.

तर स्कॉटलंड. तिथे हे पक्षी एकेकाळी भरपूर होते, मग मासेमारीच्या तळ्यांचे मालक त्यांना गोळ्या घालायला लागले, पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवायची फॅशन होती ती वेगळीच, आणि वर अंडी जमवणारे. हो, अंडी जमवायचा छंद! अंड्याला बारीक भोक पाडून आतलं सगळं काढून टाकायचं आणि टरफल कापसावर ठेवून कपाटाच्या खणात मांडायचं, पक्षी जितका दुर्मीळ तितका खण भारी. म्हणजे पक्षी कमी झाला की चोरी कमी व्हायच्या ऐवजी वाढणार, असला उलटा कारभार. 1916 च्या सुमाराला तिथलं शेवटचं घरटं संपलं.

मग 1954 मध्ये लॉख गार्टन नावाच्या तळ्याजवळच्या पाइनच्या जंगलात एक जोडी परत आली. पक्षी संरक्षणाचं काम करणारी आरएसपीबी ही संस्था, तिचं स्कॉटलंडचं काम जॉर्ज वॉटरस्टन बघत होते, महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहून आलेला माणूस. त्यांनी सुरुवातीला केलं ते कुणीही केलं असतं, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, गुपचूप राखण करायची. पुढची काही वर्षं या ना त्या कारणाने घरटं फसतच गेलं. 1958 ला तर पहारेकरी जंगलात बसलेले असताना रात्री एक जण झाडावर चढला, त्याला बघून हे धावले, तो पळाला, ऑस्प्रेची अंडी झाडाखाली फुटलेली सापडली. आणि घरट्यात बघतात तर काय, कोंबडीची अंडी, बुटाचं तपकिरी पॉलिश फासलेली! अदलाबदल करून गेला होता पठ्ठ्या, म्हणजे घरून तयारी करून आलेला.

आता तुम्ही-आम्ही असतो तर पहारा आणखी कडक केला असता आणि तोंड आणखी बंद ठेवलं असतं. पहारा त्यांनीही वाढवला, झाडाभोवती काटेरी तारा लावल्या, पण 1959 मध्ये वॉटरस्टननी सरळ जाहीरच करून टाकलं की इथे ऑस्प्रेचं घरटं आहे, या आणि बघा. जरा लांबवर आडोसा बांधला, दुर्बिणी लावल्या आणि लोकांना आत सोडलं. संस्थेतल्या लोकांच्या पोटात गोळाच आला असणार. पण त्या एका सीझनला 14,000 माणसं आली, आणि तीन पिल्लं उडाली.

मला यातलं भारी काय वाटतं तर हिशोब. गुपित ठेवलं तेव्हा घरटं कुठे आहे ते ठाऊक असलेले लोक दोनच प्रकारचे होते, राखणारे मूठभर आणि चोर, आणि चोराला ते आधीच कळलेलं असायचं. गुपित लपवलं होतं ते फक्त ज्यांना त्या पक्ष्याबद्दल प्रेम वाटलं असतं त्यांच्यापासून. ते उघडं केल्यावर हजारो लोकांना ते 'आपलं' घरटं वाटायला लागलं, पैसे आले, रात्रपाळीला स्वयंसेवक आले. आणि हे लक्षात घ्या की दाखवलं ते एकच, नंतर बाकीची घरटी होत गेली त्यांचे पत्ते बराच काळ कुणाला सांगितले नाहीत. बघायची हौस एका ठिकाणी भागते आणि बाकीच्यांना शांतता मिळते. मधल्या काळात डीडीटी या कीटकनाशकाचा त्रास होताच, तरी 1976 पर्यंत 14 जोड्या झाल्या, 1991 पर्यंत 71.

सगळं गोड गोड झालं असं मात्र नाही हं. वेल्समध्ये लिन ब्रेनिग तलावात ऑस्प्रेसाठी खांबावर मचाण बांधलेलं होतं, 2021 मध्ये मादीने अंडं घातलं आणि दुसऱ्याच रात्री कुणीतरी चेनसॉने तो खांबच कापून टाकला. सगळ्यांना ठाऊक असलेलं घरटं होतं ते. म्हणजे गर्दी म्हणजे कुलूप नव्हे, पहारा लागतोच.

आपल्या कोकणात वेळासला कासवांचं काय केलं ते आठवा. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी मिळून घरटी राखली, मग पिल्लं समुद्रात सोडायचा महोत्सव सुरू केला, लोक गावातल्या घरांत राहायला लागले, गावाला चार पैसे मिळाले. स्कॉटलंडला कुणी विचारायला गेलं नव्हतं, पण चाल तीच. फरक पडतो तो अंतराचा. तिकडे लोकांना आडोशापलीकडे जाऊच देत नाहीत, आणि आपल्याकडे होडीत बसलं की 'काका, अजून थोडं जवळ घ्या ना, फोटो नीट येत नाहीये' सुरू! काका बिचारे गिऱ्हाईक नाराज नको म्हणून घेतात, पक्षी उडतो, हातातला अर्धा खाल्लेला मासा कधीकधी सोडून उडतो, आणि फोटो येतो तो शेपटीचा. काकांनाच आधी सांगून ठेवा की लांबूनच थांबवा, आम्हाला घाई नाही, मग बघा ती निवांत बसून मासा कशी सोलते ते.

आणि घरटं बघायचं असेल तर आता स्कॉटलंडला जायलाही नको, तिथल्या बऱ्याच घरट्यांवर कॅमेरे आहेत, इंटरनेटवर लाइव्ह दिसतं. साधारण एप्रिल ते ऑगस्ट. पिल्लं मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला बाहेर येतात, बापाने मासा आणायचा आणि आईने बारीक तुकडे करून भरवायचे असा कार्यक्रम दिवसभर चालतो. आपल्या सकाळी नऊला लावलंत तर तिकडे पहाटेचे साडेचार असतात, पण जूनमध्ये तेवढ्यात उजाडलेलं असतं, सकाळचा पहिला मासा बघायला मिळाला तर मिळाला.