नंबर तोच, कंपनी नवी

श्रोतेहो, नमस्कार. आपला मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, आणि जुन्या कंपनीला फुकटचा दंड भरायचा नाही, एवढाच आजचा विषय. ही सोय देशभर 20 जानेवारी 2011 ला सुरू झाली. तरी इतक्या वर्षांनंतरही आपल्या इंदूरात कितीतरी घरं केवळ धास्तीपोटी जुन्याच कंपनीला चिकटून आहेत. घरात रेंज नाही, गॅलरीत जाऊन बोलायचं, आणि तरी बदलायचं नाही!

आधी नियम. इंग्रजीत पोर्ट हा शब्द लिहायचा, एक जागा सोडायची, आपला नंबर लिहायचा आणि तो मेसेज 1900 वर पाठवायचा. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. पुन्हा सांगते, चार दिवस. कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. मध्यप्रदेश-छत्तीसगडच्या सर्कलमध्येच, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागातच राहणार असाल, तर कामकाजाचे तीन दिवस लागतात. नंबर पुण्याच्या सर्कलमध्ये न्यायचा असेल तर पाच.

कोड नाकारला जातो त्याची कारणं ठरलेली आहेत. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले नाहीत. निघालेलं बिल थकलंय. नाव बदलण्याचा अर्ज अडकलाय. सिम बदलून सात दिवस झालेले नाहीत. हा नियम 1 जुलै 2024 पासूनचा. आणि पाचवं, ज्यात माणसं खरोखर फसतात: करारातली मुदत संपलेली नाही.

त्या पाचव्या कारणासाठी रामबागेतल्या एका काकांची गोष्ट ऐकाच. जुना वाडा, दीड हात जाडीच्या भिंती, मागच्या खोलीत रेंजचं नाव नाही. मार्चमध्ये त्यांनी पसंतीचा नंबर घेतला होता, शेवटी चार सारखे आकडे असलेला, पोस्टपेडवर. जुलैत कंपनी बदलायचं ठरवलं. 1900 वर मेसेज केला, नकार आला: एक तारखेचं बिल बाकी. काकांनी बिल भरलं. पुन्हा मेसेज, पुन्हा नकार. या वेळी कारण, करार. कंपनीच्या दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दोन हजार भरा, लगेच मोकळे व्हाल." काका पाकीट काढायला लागले.

सूनबाई सोबत होती. ती म्हणाली, "बाबा, थांबा. आधी फॉर्म बघू." घरी येऊन तिने कपाटातून फॉर्म काढला. मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं: नंबर चालू झाल्यापासून सहा महिने पोस्टपेडवर राहणं बंधनकारक, त्याआधी सोडल्यास दोन हजार रुपये, प्लॅन किमान 399 चा. नंबर 12 मार्चला चालू झालेला. म्हणजे बंधन 11 सप्टेंबरला संपणार.

काका होते 699 च्या प्लॅनवर, आणि फॉर्मप्रमाणे 399 वर उतरायला काहीच हरकत नव्हती. तिने वहीवर हिशेब मांडला. 399 वर अठरा टक्के जीएसटी धरून महिन्याला 470 रुपये 82 पैसे. ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून 942 च्या आत. दंड दोन हजार. म्हणजे निम्म्याहून कमी पैशात मुदत पुरी होत होती, आणि तोवर फोनही चालू. प्लॅन ऑगस्टच्या बिलापासून उतरवून घेतला. सप्टेंबरचं बिल आठ तारखेला भरलं, भरल्याची पावती मेसेजवर येऊ दिली, आणि 12 सप्टेंबरला सकाळी मेसेज पाठवला. कोड आला. पण त्याआधी सूनबाईने आणखी एक शहाणपणा केला होता. शेजारच्या वहिनींचा फोन, नव्या कंपनीचा, मागच्या खोलीत नेऊन दार लावून बोलून पाहिलं होतं. रेंज तिथेही नसती तर हा सगळा खटाटोप वाया गेला असता.

फॉर्म बघा, तारीख मोजा, मग दंडाचा आणि उरलेल्या महिन्यांच्या बिलांचा हिशेब समोरासमोर मांडा. दंड कमी निघाला तर खुशाल दंड भरा. तो भरल्यावरही कोड मिळतो.

काकांचा नंबर नव्या कंपनीत गेला, पण गोष्ट तिथे संपली नाही. ज्या दिवसांचं बिल निघायचं राहिलं होतं, त्यांचं शेवटचं बिल जुन्या कंपनीने नंतर पाठवलं, ते ईमेलवर, आणि ईमेल पुण्याच्या मुलाचा. मुलाने जाहिरात समजून सोडून दिलं. हे बिल थकलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून नंबर बंद करायला लावू शकते. सूनबाईने फोन करून विचारलं म्हणून वेळेत कळलं. माझं तर स्पष्ट मत आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांचं बिल कागदावर यावं, त्यांच्या हातात यावं. वीज, पाणी, फोन, सगळंच मुलांच्या ईमेलवर जायला लागल्यापासून म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या घराचा खर्च माहीत राहत नाही. हे बरं नव्हे. असो.

प्रीपेडवाल्यांना करार नसतो, पण उरलेला रिचार्ज बुडतो. शिल्लक आणि डेटा नव्या कंपनीत येत नाही. वर्षाचा पॅक मारला आणि चौथ्या महिन्यात निघालात, तर आठ महिन्यांचे पैसे गेले. म्हणून पॅक संपायला आठवडाभर उरला की मेसेज पाठवा. पॅक संपून गेला असेल तरी 1900 वर मेसेज जातो. तशी सोय ठेवण्याचा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, आदेश डिसेंबर 2021 पासून आहे.

अर्ज दिल्यावर मन बदललं, तर 24 तासांच्या आत इंग्रजीत कॅन्सल आणि पुढे नंबर लिहून 1900 वरच पाठवा. नंबर जातो त्या वेळी चार तासांपर्यंत फोन बंद राहू शकतो. बँकेचं ओटीपीचं काम त्या दिवशी ठेवू नका. जुन्या सिमची रेंज गेली की नवं सिम घाला.

पोस्टपेडला अनामत भरली असेल तर शेवटचं बिल चुकतं केल्यावर ती परत मागा, लेखी मागा. टाळाटाळ झाली तर कंपनीच्या 198 वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्या तक्रार क्रमांकाच्या आधारे पुढे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर बोलतानाही तो हाताशी लागतो. नमस्कार.