प्लग लावायच्या आधी बास ऐका

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी नौपाड्यात बास गिटार घेताना काय तपासायचं ते ऐकायला एवढी माणसं येतील असं मला खरंच वाटलं नव्हतं, त्यातले निम्मे तर साधे गिटारवालेच दिसतायत, पण असू दे, चालतंय.

आधी माझीच फजिती सांगतो. मी एकदा सेकंडहँड बास घेतला, चार तारांचा, फेंडर कंपनीच्या जॅझ बास मॉडेलच्या वळणाचा, दिसायला एक नंबर. दुकानात अ‍ॅम्पला लावला, बेसचं बटण फुल केलं, काचा हादरल्या, झालं, पैसे देऊन मोकळा. मग गणपतीत घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत ऑर्केस्ट्रा होता, संथ गाणं, आणि मला जी (G) तारेवर पाचव्या फ्रेटचा, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या आडव्या धातूच्या पट्टीचा, सी (C) चार मात्रा धरायचा होता. तो दोन मात्रांतच गपकन बसला! गायकाने मागे वळून असं बघितलं की मी सूरच विसरलोय.

याला डेड स्पॉट म्हणतात. तार हलते तशी नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडीपण हलते, आणि एखाद्या सुराला नेकची स्वतःची थरथर जुळली की तारेतली ताकद नेकच खाऊन टाकते, सूर लवकर मरतो. स्क्रूने नेक बसवलेल्या 34 इंच लांबीच्या तारांच्या बासमध्ये ही जागा बहुतेक वेळा जी तारेवर पाच ते सात फ्रेटच्या आसपास सापडते, अगदी महागड्या बासमध्येसुद्धा, त्यामुळे किंमत बघून निर्धास्त होऊ नका. हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या टोकाला, छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं तर ती जागा थोडी सरकते, पण जात नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की वायर लावूच नका आधी. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच. बास मांडीवर घ्या, वरच्या शिंगाला, म्हणजे बॉडीच्या नेककडे पुढे आलेल्या टोकाला, कान टेकवा, आणि एकेक फ्रेट सारख्याच जोराने वाजवून सूर किती टिकतो ते मनात मोजा. सगळे पाचपर्यंत जातायत आणि एकच दोनवर मेला, तर कळलं. दुकानदार बघेल विचित्र नजरेने, बघू दे.

आता अ‍ॅम्प. खुली, म्हणजे कुठेही न दाबता वाजवलेली ई तार म्हणजे साधारण 41 हर्ट्झ, आणि दुकानातल्या आठ इंची स्पीकरमधून तो मूळ सूर जेमतेम येतो, त्याच्यासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांवरून, म्हणजे हार्मोनिक्सवरून, आपला कानच तो भरून काढतो. मग बेस फुल करून तुम्ही नक्की काय तपासलंत? अ‍ॅम्पची सगळी बटणं मध्यावर ठेवा, बासवरचं टोनचं बटण पूर्ण उघडा. बास अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला असेल तर आधी नऊ व्होल्टची बॅटरी बदलायला सांगा, संपत आलेल्या बॅटरीवर चांगला बासपण फाटका वाजतो. आणि विजेमुळे येणारी गुणगुण ऐका. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी 49 हर्ट्झचा, म्हणजे ही गुणगुण नेमकी जी सुराच्या कुशीत जाऊन बसते, पटकन कळतच नाही. फेंडरने 1957 साली आपल्या प्रिसिजन बास मॉडेलला दोन तुकड्यांचा पिकअप (तारेची थरथर टिपणारा भाग) दिला त्यात ही गुणगुण आपोआप कटते, आजच्या बहुतेक जॅझ बासमध्ये दोन्ही पिकअप सारखे उघडले की कटते.

बांधणीचं पटकन सांगतो. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा, सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी. पावसाळ्यात आपल्या खाडीच्या दमट हवेत ती बदलते, त्यामुळे ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक ठरवणारी आतली सळई, खरंच फिरतो का, हे दुकानातच फिरवून दाखवायला सांगा, जाम असेल तर बास तिथेच ठेवून घरी या. फ्रेटच्या टोकांवरून तळहात फिरवा, करवतीसारखं लागता कामा नये. पट्टा गळ्यात घालून दोन्ही हात सोडा, बासचं डोकं खाली झुकलं तर दोन तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा गेलाच म्हणून समजा. वजनपण बघा, पाच किलोचा बास पाठीवर घेऊन संध्याकाळी सहाची लोकल पकडून बघा एकदा.

तो फजितीवाला बास अजून माझ्याकडेच आहे, हा बघा. चला, कोणीतरी पुढे या, वायर न लावता मेलेली जागा शोधा. पाचवा तर मी सांगितलाच, अजून एक आहे.