खुतबा सोडून सारं

मंडळी, नूरजहाँचं नाव काढलं की आधी कबुतरंच उडतात. मीना बाजार, सलीमनं, म्हणजे पुढच्या जहांगीर बादशहानं, तिच्या हाती दिलेली दोन कबुतरं, त्यातलं एक उडालं. 'कसं उडालं?' 'असं!' म्हणत तिनं दुसरंही सोडलं. हसताय, म्हणजे सगळ्यांना पाठ आहे! ही गोष्ट मागाहून रचलेली, आणि या कबुतरांशी माझं खरंखुरं भांडण आहे. १६११ साली जहांगीरशी निकाह लागला तेव्हा मेहरुन्निसा, म्हणजे पुढची नूरजहाँ, ३४ वर्षांची होती. नवरा शेर अफगण चार वर्षांपूर्वी बर्दवानला मारला गेलेला, पदरात लाडली नावाची मुलगी. जग पाहिलेल्या या बाईला आपण अजून बाजारात कबुतरं सांभाळत उभं केलंय.

आज बोलायचं आहे तिच्या सत्तेबद्दल. पण त्याआधी झेलमचा काठ सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

साल १६२६. बादशहा काबूलला निघालेला. फौज, सरदार, खजिना, सगळं पूल ओलांडून पलीकडे गेलं आणि अलीकडे उरले बादशहा, बेगम आणि मूठभर माणसं. नूरजहाँवर चिडलेला बादशहाचाच सरदार महाबतखान हजारो राजपूत घेऊन आला आणि त्यानं हिंदुस्थानच्या बादशहाला त्याच्याच छावणीत पकडलं. बेगम मात्र वेश पालटून पलीकडे निसटली. तिथं तिनं सरदारांना बोलावलं, त्यात सख्खा भाऊ आसफखानही होता, आणि सगळ्यांना झाडलं: तुमच्या गाफीलपणानं हे झालं. दुसऱ्या दिवशी फौज नदीत घातली. पूल राजपुतांनी जाळलेला, उतार वाईट, समोरून बाणांचा पाऊस. बेगम हत्तीवर, हौद्यात जावई शहरयारची तान्ही मुलगी, म्हणजे तिची नात, आणि दाई. बाण दाईच्या दंडात घुसला. बेगमेनं तो स्वतःच्या हातानं उपसला, कपडे रक्तानं भरले. हे जहांगीरच्या पदरच्या मोतमिदखानानं लिहून ठेवलंय.

चढाई फसली. आसफखान सिंधूकाठच्या अटक गावच्या किल्ल्यात जाऊन बसला. बेगम मात्र आपणहून नवऱ्याजवळ कैदेत गेली. मला तिची खरी हुशारी दिसते ती इथं. काबूलपर्यंत ती गप्प राहिली, आतून माणसं जोडत गेली. परतताना रोहतासजवळ बादशहानं महाबतला निरोप धाडला: आज बेगमेच्या स्वारांची पाहणी आहे, तुमची माणसं जरा लांब ठेवा. महाबत काय ते समजला आणि निघून गेला. लढून जे जमलं नाही, ते तिनं असं मिळवलं.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, तेव्हा मुख्य मुद्दा भराभर सांगतो. त्या काळी राज्य कुणाचं हे दोन गोष्टींवरून ठरे: नाणं कुणाच्या नावाचं आणि शुक्रवारच्या नमाजाला खुतबा, म्हणजे राज्यकर्त्याचं नाव घेऊन केलेलं प्रवचन, कुणाच्या नावाचा. खुतबा तेवढा तिच्या नावानं वाचला गेला नाही. बाकी सारं झालं. तिच्या शिक्क्याची फर्मानं निघाली, नाण्यांवर 'नूरजहाँ बादशाह बेगम' असं नाव पडलं. पैसाही तिचा स्वतःचा होता: जहागिरी, सुरतेचा समुद्री व्यापार. डच व्यापारी पेल्सार्ट लिहितो, आग्र्यासमोर यमुनेपलीकडे तिचे अंमलदार येणाऱ्या मालावर जकात घेत. ही सत्ता फक्त बादशहाच्या लाडातून आली असं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

१६२७ मध्ये जहांगीर गेला. ती बातमी शहाजहानला कुठं मिळाली? आपल्या जुन्नरला! जवळच्या ज्या शिवनेरीवर पुढे शिवराय जन्मले, तेच जुन्नर. बापाविरुद्ध बंड करून तो दख्खनमध्ये येऊन राहिला होता, आणि निरोप्या धाडला होता आसफखानानं. शहाजहान हा आसफखानाचा जावई; त्याच्यासाठी भावानं बहिणीला नजरकैदेत टाकलं. शहाजहाननं तिला सालीना दोन लाखांची नेमणूक दिली आणि तिच्या नावाची नाणी बंद केली. १६४५ साली लाहोरला ती वारली.

आग्र्याला जाल तेव्हा ताजच्या आधी इतिमाद-उद-दौल्याची, म्हणजे तिच्या वडिलांची, कबर बघा, ही माझी कळकळीची विनंती. पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगडांचं ते जडावकाम तिनं आईवडिलांसाठी १६२८ पर्यंत पुरं करून घेतलं. ताजचा पाया तेव्हा पडायचाच होता. आणि ताज जिच्यासाठी उभा राहिला ती मुमताज म्हणजे हिची सख्खी भाची, आसफखानाची मुलगी. आता प्रश्न विचारा. कबुतरांबद्दल सोडून काहीही.