सकाळी आठची लाळ

(दृश्य : बेसिन, कोरडा ब्रश, झाकणाची छोटी नळी)

लाळेतून कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) मोजायचं, तर त्याआधी दात घासून चालत नाही. हिरडीतलं रक्त मिसळलं तर आकडा चुकू शकतो. म्हणून आधी नळी, मग ब्रश, मग नाश्ता.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एका अभ्यासात १३ वर्षांच्या मुलामुलींनी अशी लाळ दिली. सकाळी आठला, रात्री आठला, सलग दहा दिवस. त्यांच्यातल्या काहींच्या आयांना बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं. सेरा हॅलिगन, लिन मरे आणि सहकाऱ्यांनी २००४ साली निष्कर्ष मांडला : या मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा जास्त होतं आणि अस्थिरही; आज एवढं, तर उद्या भलतंच. आईचं तेव्हाचं आजारपण मुलांना आठवत असणं शक्यच नाही.

कॉर्टिसॉल म्हणजे काही विष नव्हे. मेंदूकडून निरोप निघतो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ते रक्तात सोडतात. सकाळी उठल्यावर ते वाढतं, दिवसभरात उतरत जातं. ताण आला की पुन्हा चढतं.

तान्ह्या बाळाला मात्र ते स्वतःहून उतरवणं जड जातं. कुणीतरी उचलून घ्यावं लागतं.

(दृश्य : खुर्चीत बसवलेलं बाळ, समोर आई)

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईने मध्येच चेहरा निर्विकार करायचा, दोन-तीन मिनिटं. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. मग तोंड फिरवतं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की या वेळात बाळाच्या हृदयाचे ठोकेही वाढतात. आईला नैराश्य असेल, तर असे क्षण दिवसभरात कितीदा येत असतील? अर्थात, नैराश्यातली प्रत्येक आई अशी गप्प होत नाही. काही जणी उलट चिडचिड करतात, बाळाच्या मागे लागतात. आणि यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. तेव्हा ‘आईमुळेच झालं’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी जरा दमानं घ्यावं. आजारी बाईला दोष देऊन घरातला ताण वाढतो, एवढंच.

उपचारांचं काय होतं, ते २००६च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. मर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी त्यात मुलांच्या लाळेऐवजी त्यांची मानसिक लक्षणं तपासली. नैराश्यावर औषध सुरू होतं आईला. तीन महिन्यांनी, ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या आधीच आजारी असलेल्या मुलांपैकी ३३ टक्के मुलं बरी झाली होती. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांत हे प्रमाण १२ टक्के होतं.