ग्रंथालयाची खिडकी मोबाइलवर: समाजमाध्यमांतून वाचकसेवा कशी द्यावी?

नमस्कार. ग्रंथालयाचे फेसबुक पान, इन्स्टाग्राम खाते किंवा व्हॉट्सॲप क्रमांक सांभाळण्याचे काम ज्यांच्याकडे इतर दहा कामांबरोबर आलेले असते, त्या ग्रंथपालांसाठी आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी आजचा व्हिडिओ आहे.

ग्रंथालयांची पाने चाळली तर कार्यक्रमांची छायाचित्रे, पाहुण्यांचे स्वागत, शुभेच्छा आणि अधूनमधून सुटीची सूचना, एवढाच मजकूर बहुधा आढळतो. त्यात गैर काही नाही. मात्र हे काम दारावरचा सूचनाफलकही करतो. देवघेवीच्या खिडकीपाशी याहून वेगळे काही घडत असते. वाचक येतो, पुस्तकाचे नाव अर्धवट सांगतो, मुखपृष्ठ निळे होते एवढेच त्याला आठवते, ग्रंथपाल दोन उलट प्रश्न विचारतात आणि नेमके पुस्तक हाती पडते. हा संवाद समाजमाध्यमावर होऊ लागला, तरच तिथे वाचकसेवा सुरू झाली असे मी मानतो. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या 1931 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांपैकी चौथा सिद्धांत 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे, आणि ग्रंथालयाच्या प्रत्येक पोस्टला लावण्यासाठी याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

ती लावून पाहू. पडद्यावर डाव्या बाजूला एक नमुना पोस्ट आहे. टेबलावर रचलेल्या पुस्तकांचा ढीग आणि खाली ओळ: 'ग्रंथालयात नवीन पुस्तके दाखल झाली आहेत, वाचकांनी लाभ घ्यावा.' ढिगातल्या निम्म्या पुस्तकांचे कणे कॅमेऱ्याकडे नाहीत, त्यामुळे कोणती पुस्तके आली हे कळण्यासाठी वाचकाला ग्रंथालयातच यावे लागेल. उजव्या बाजूच्या पोस्टमध्ये एकच पुस्तक आहे, बागकामाचे, आणि त्याच्या अनुक्रमणिकेच्या पानाचे सुवाच्य छायाचित्र आहे. खाली लिहिले आहे: 'कुंडीतल्या रोपाची पाने पिवळी का पडतात, याची कारणे चौथ्या प्रकरणात आहेत. वर्गांक 635.9, दोन प्रती, एक आत्ता उपलब्ध. राखून ठेवायची असल्यास आम्हाला संदेश पाठवा.' वर्गांक म्हणजे पुस्तकाला विषयानुसार दिलेला, कपाटातली जागा सांगणारा क्रमांक. दुसऱ्या पोस्टला दहा मिनिटे जास्त लागली असतील, परंतु वाचकाची एक फेरी वाचली, आणि ज्याला बागकामात रस नाही त्यालाही या खिडकीत प्रश्न विचारता येतो हे समजले. महिन्यातून एकदा चाळीस पुस्तकांचा ढीग दाखवण्यापेक्षा आठवड्यातून दोन पुस्तके अशा रीतीने दाखवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथेच एक तांत्रिक सूचना करतो. अनेक ग्रंथालये वेळापत्रक किंवा सूचना चित्राच्या स्वरूपात टाकतात आणि सोबत एक ओळही लिहीत नाहीत. दृष्टिहीन वाचकांच्या मोबाइलमध्ये पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला अशा चित्रातला मजकूर नीट वाचता येईलच असे नसते, आणि शोध घेणाऱ्यालाही तो सहसा सापडत नाही. म्हणून चित्रात जे लिहिले आहे तेच खाली मजकूर म्हणून टंकित करावे आणि जिथे सोय असेल तिथे चित्राचे वर्णनही भरावे.

आता कोणते माध्यम कशासाठी वापरावे, हा नेहमीचा प्रश्न. सर्वत्र खाती उघडून ती ओस पडू देण्यापेक्षा आपले वाचक जिथे आहेत तिथले एक किंवा दोनच खाते नीट चालवावे, यापलीकडे त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. व्हॉट्सॲपबद्दल मात्र थोडे थांबायला हवे, कारण तिथे सोय आणि धोका एकाच जागी आहेत. ग्रंथालये हौसेने सभासदांचा गट तयार करतात, आणि गट म्हटला की प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या सोयीत, तसे होत नाही, वाचकाचे उत्तरही फक्त ग्रंथालयाला मिळते. पण एका यादीत 256 जणच घेता येतात आणि ज्यांनी ग्रंथालयाचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. 2023 पासून चॅनेलची, म्हणजे एकतर्फी सूचना प्रसारित करण्याची सोय आली आहे, जिथे सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. त्यामुळे वेळापत्रक आणि नव्या पुस्तकांची माहिती चॅनेलवर, तर प्रश्नोत्तरे व्हॉट्सॲप बिझनेस या व्यवसाय-संस्थांसाठीच्या वेगळ्या ॲपच्या क्रमांकावर, अशी विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. बिझनेसच्या ॲपमध्ये ठरावीक उत्तरे साठवून ठेवता येतात, संभाषणांना 'आरक्षण', 'मुदतवाढ', 'संदर्भ प्रश्न' अशी लेबले लावता येतात, आणि ग्रंथालय बंद असताना आपोआप जाणारा संदेश लिहून ठेवता येतो. त्या संदेशात उत्तर केव्हा मिळेल हे स्पष्ट असावे. मी स्वतः एका ग्रंथालयाला साधा प्रश्न पाठवला होता आणि उत्तर नवव्या दिवशी मिळाले, तोवर मी ते पुस्तक दुसरीकडून आणून वाचूनही संपवले होते. उत्तर द्यायला दोन दिवस लागणार असतील तर तसे आधीच सांगावे; वाचक दोन दिवस थांबतो, अनिश्चित काळ थांबत नाही.

गोपनीयतेचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा घेत आहे. कोण काय वाचतो ही माहिती ग्रंथालयाकडे विश्वासाने दिलेली असते. वाचकाची खासगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य असल्याचे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या 1939 च्या आचारसंहितेतच नमूद आहे, म्हणजे ही काळजी समाजमाध्यमांच्या कितीतरी आधीची आहे. समजा, एखाद्या वाचकाने पोस्टखाली जाहीरपणे विचारले, 'मी राखून ठेवलेले नैराश्यावरचे पुस्तक आले का?' त्याने स्वतः उघड विचारले असले, तरी त्या पुस्तकाचा उल्लेख न करता 'आपल्याला खासगी संदेश पाठवला आहे' एवढेच तिथे लिहावे आणि उत्तर खासगीत द्यावे. मुदत उलटूनही पुस्तके परत न करणाऱ्यांच्या नावांची यादी पानावर किंवा गटात टाकण्याचा मोह तर निग्रहाने टाळावा.

वाचकांनी ग्रंथालयाला काही द्यावे, ही समाजमाध्यमांची सर्वांत कमी वापरली गेलेली बाजू आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी 2008 मध्ये आपल्या संग्रहातली सुमारे 3,000 जुनी छायाचित्रे फ्लिकर या संकेतस्थळावर ठेवली. त्यांतली बरीच एका वृत्तछायाचित्र संस्थेची होती. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हवर जेमतेम दोन-चार शब्द लिहिलेले, त्यातही नावांच्या चुका. लोकांनी छायाचित्रातली माणसे, इमारती आणि प्रसंग ओळखले, जुन्या वृत्तपत्रांतले पुरावे दिले, आणि त्या माहितीची खातरजमा करून ग्रंथालयाने ऑक्टोबरपर्यंत तालिकेतल्या, म्हणजे संग्रहाच्या सूचीतल्या, 500 हून अधिक नोंदी सुधारल्या. तोवर छायाचित्रांची संख्या 4,615 झाली होती आणि अनुचित म्हणून काढून टाकावा लागलेला मजकूर 25 हूनही कमी ठिकाणी होता. 'लोक काहीबाही लिहितील' या भीतीने प्रतिसाद बंद ठेवणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा. ग्रंथालय लहान असले तरी त्याच्या कपाटात तारीख नसलेली दोन-चार छायाचित्रे असतातच. ती पानावर ठेवून 'हे कोण आहेत?' एवढे विचारून पाहावे.

लहान ग्रंथालयाची अडचण माणसांची असते, हे मला मान्य आहे. तरीही स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या ग्रंथालयाचे, तेव्हाच्या ट्विटरवरचे खाते हजारो मैलांवरचे लोक वाचू लागले. त्यामागे महागडी साधने नव्हती, ते लिहिणाऱ्याची खुसखुशीत भाषा होती. लिहिण्याची हौस असलेला कर्मचारी आपल्याकडे असेल तर त्याला रोज अर्धा तास मोकळा करून द्यावा, आणि प्रत्येक ओळ वरिष्ठांच्या मंजुरीसाठी अडवू नये.

स्वामित्वहक्काबाबत मात्र सैल राहून चालत नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने 2018 मध्ये इन्स्टाग्रामच्या स्टोरींमधून संपूर्ण कथा-कादंबऱ्या वाचायला दिल्या, आणि पडद्यावर अंगठा टेकला की पान थांबावे अशी त्यांची मांडणी केली. पण त्यासाठी निवडलेले साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले होते. हक्क कायम असलेल्या पुस्तकाची पीडीएफ ग्रंथालयाच्या गटात फिरवणे, किंवा परवानगीशिवाय संपूर्ण पुस्तक वाचून त्याचा व्हिडिओ चढवणे, ही वाचकसेवा होत नाही.

खाते कोणाच्या नावावर आहे, हेही आजच तपासावे. कर्मचाऱ्याच्या खासगी क्रमांकावर उघडलेले खाते त्याच्या बदलीबरोबर निघून जाते. ते ग्रंथालयाच्या ईमेलवर आणि क्रमांकावर असावे, किमान दोघांकडे त्याचे अधिकार असावेत आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एका खुणेने ओळख पटवण्याची सोय, सुरू असावी. संकेतस्थळेही कायमची नसतात. ऑर्कुट सप्टेंबर 2014 मध्ये बंद झाले आणि सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये. म्हणून पुस्तकयाद्या आणि छायाचित्रांची मूळ प्रत ग्रंथालयाच्या संगणकावर हवी. ग्रंथालय अचानक बंद ठेवावे लागल्यास ती सूचना दारावरही लावावी, कारण कोणती पोस्ट कोणाला दाखवायची हे माध्यमाची प्रणाली ठरवते आणि ती सर्व वाचकांपर्यंत पोहोचेलच असे नाही.

या कामाचा उपयोग होतो आहे की नाही, हे 'लाइक'च्या आकड्यावरून मोजू नये. त्याऐवजी एक साधी नोंदवही घालावी: तारीख, कोणत्या माध्यमातून प्रश्न आला, प्रश्न काय होता, उत्तर किती वेळात दिले, आणि पुस्तक मिळाले की नाही. विचारणाऱ्याचा संपर्क फक्त त्याची संमती असेल तरच लिहावा आणि काम झाल्यावर खोडून टाकावा. महिनाअखेरीस शेवटचा रकाना वाचावा. जे पुस्तक तिघांनी मागितले आणि आपल्याकडे नव्हते, ते खरेदीच्या यादीत घालावे, आणि ते दाखल होऊन त्यावर वर्गांकाची चिठ्ठी चिकटली की पानावर पोस्ट टाकण्यापूर्वी पहिला संदेश त्या तिघांना पाठवावा.