पिशवी काढण्याआधी

(दृश्य: उपकेंद्राचा व्हरांडा. पायरीशी चपला. आत पडद्यामागे टेबल.)

"ताई, मला काय झालंय? कशाला तपासायचं?" आशाताईंना दर दुसऱ्या घरी हेच ऐकावं लागतं. बाईचं तरी काय चुकलं? उपकेंद्रात यायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला. त्यात तपासणी अशा जागेची, की नवऱ्याजवळही बोलायची चोरी. पांढरं जातं, मध्येच लाल दिसतं, कंबर धरते. सगळं अंगावर काढायचं.

गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला दुखतच नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग शरीरात ठाण मांडून बसला, तर तिथल्या पेशी हळूहळू बदलतात. त्या बदलांचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं जातात. इतकी सवड फार थोडे कॅन्सर देतात.

(दृश्य: बार्शी–धाराशिव रस्ता, ज्वारीची शेतं.)

ही सवड खेड्यात कामी आणता येते, हे जगाला दाखवलं ते धाराशिवनं, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यानं. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जात होती. त्याच बार्शीतलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांच्या साथीनं १९९९ मध्ये इथे मोठा अभ्यास सुरू झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा, तेवढीच.

निकाल २००९ मध्ये छापून आला. एचपीव्ही गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. चाचणी आयुष्यात एकदाच केलेली, तरी मृत्यू जवळपास निम्मे. बाकी दोन पद्धतींत, एकाच फेरीत, ठोस फरक दिसला नाही. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.

तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात आज बहुतेक ठिकाणी चालते ती ॲसिटिक ॲसिडची पाहणी, कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही. सिस्टर पातळ केलेलं ॲसिड बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला लावतात आणि घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबतात. वास व्हिनेगरचा. बाई छताकडे बघत विचारते, "झालं का?" निरोगी जागा गुलाबीच राहते, बदललेल्या पेशी असतील तिथे पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग उठतो. पाळी गेलेल्या बाईत ही जागा आत सरकते, मग नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी हीच पाहणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे डोळा तयार हवा आणि तपासणी पुन्हा पुन्हा हवी.

आणि देशात होते किती? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती.

(दृश्य: उसाचा फड, डोक्यावर मोळी.)

तपासणी पोचली नाही, भीती मात्र पोचली. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, चौकशीसाठी राज्य सरकारला समिती नेमावी लागली. "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल," एवढं ऐकून कित्येकींनी तिशीतच, कर्ज काढून ऑपरेशन केलं. अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या संसर्गाचं लक्षण, गोळ्यांनी बरं होणारं. डाग दिसला तरी तो वेळेत सापडला, तर बहुतेकींना तेवढा भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करण्याचा उपचार पुरतो. पिशवी जागेवर राहते.

संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र शिबिराची वाट बघू नका, थेट डॉक्टर गाठा.

शिबिराची तारीख हाही इथे उपचाराचाच भाग आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. डिसेंबरात शिबिर भरवलं, तर जिला सगळ्यात जास्त गरज ती फडात असते. आणि दिवाळीच्या तोंडावर डाग सापडला, तर पुढच्या उपचाराला ती यायची कधी? म्हणून तपासणी पावसाळ्यातच उरकायची आणि जिल्हा रुग्णालयातली पुढची तारीख दसऱ्याच्या आतली घ्यायची.