आधी कोण?

नमस्कार, श्रोतेहो.

गेली अनेक वर्षे मी मुलांसाठी श्रुतिका लिहिते आहे, आणि त्यांतल्या बहुतेक श्रुतिका कुठल्याही नकाशावर नसलेल्या राज्यांत घडतात. आज मला अशाच दोन राज्यांमधल्या एका बैठकीविषयी तुमच्याशी बोलायचे आहे. दोन वैरी राज्ये, सात उन्हाळे चाललेली लढाई, आणि त्या लढाईला विटून एकमेकांसमोर येऊन बसलेले दोन वकील, एवढीच ती गोष्ट आहे. वकील हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आपल्या जुन्या कागदपत्रांत परराज्याच्या दरबारी जाणाऱ्या माणसाला वकील म्हणत, आणि तो शब्द आपण फक्त कोर्टासाठी ठेवून दिला याचे मला वाईट वाटते.

अशी बैठक लिहायला बसले की नवीन लेखक आधी तलवारी आणतो, मग मंत्र आणतो, मग आकाशातून काहीतरी उतरवतो. माझा अनुभव असा आहे की बैठकीतला सगळा ताण एका साध्या प्रश्नात साठलेला असतो, आणि तो प्रश्न म्हणजे ‘आधी कोण?’ दारातून आत आधी कोण शिरणार, आधी कोण बसणार, समोर ठेवलेल्या पाण्याला आधी हात कोण लावणार, तोंड आधी कोण उघडणार. आधी कोण, हे ठरेपर्यंत दुसरे काहीही ठरत नाही.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. १६६१ साली लंडनमध्ये स्वीडनचा नवा राजदूत आला, तेव्हा त्याच्या मागोमाग आधी कोणाची घोडागाडी जाणार यावरून फ्रान्स आणि स्पेनच्या माणसांत भर रस्त्यात मारामारी झाली. त्यात माणसे मेली, घोडे मेले. फ्रेंचांनी घोड्यांचे पट्टे कापू नयेत म्हणून स्पॅनिशांनी ते आधीच लोखंडी साखळ्यांनी मढवून आणले होते. म्हणजे भांडण होणार हे त्यांना घरून निघतानाच ठाऊक होते. आपल्याला तर यासाठी लंडनला जायचेही कारण नाही. १२ मे १६६६ रोजी आग्ऱ्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले आणि पुढे काय घडले, ते मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

या प्रश्नाला माणसांनी उत्तरेही शोधली आहेत. १६९८ च्या हिवाळ्यात डॅन्यूबकाठच्या कार्लोविट्झ या गावी तुर्कांचे साम्राज्य आणि त्याच्याशी लढणारी युरोपातली राज्ये तहासाठी जमली. आज ते गाव सर्बियात आहे. तिथल्या बैठकीच्या दालनाला चार दारे ठेवण्यात आली, म्हणजे सगळ्यांना आपापल्या दाराने एकाच वेळी आत येता यावे. पुढच्या वर्षी जानेवारीत तह झाला, आणि नंतर त्या जागी बांधलेल्या प्रार्थनामंदिरालाही चारच दारे आहेत. १८०७ साली नेपोलियन आणि रशियाचा झार अलेक्झांडर यांची भेट नेमान नदीच्या मधोमध नांगरलेल्या तराफ्यावर झाली, कारण कोणत्याही एका काठावर भेटायचे तर दुसरा पाहुणा ठरला असता. त्या दिवशी प्रशियाचा राजा मात्र काठावर ताटकळत राहिला. त्याच्या राज्याचे काय करायचे हे तराफ्यावर ठरणार होते, आणि तराफ्यावर त्याला जागा नव्हती. व्हिएतनाम युद्धाच्या पॅरिसमधल्या वाटाघाटी टेबलाचा आकार कसा असावा यावरून कित्येक आठवडे अडून राहिल्या आणि जानेवारी १९६९ मध्ये एका गोल टेबलावर तोडगा निघाला. लोक त्याला हसले. मला त्यात हसण्यासारखे काहीही वाटत नाही, कारण टेबलाच्या आकारावरूनच समोरच्याला आपण कोण समजतो ते ठरत होते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आधी कोण हा प्रश्न बरोबरीच्या लोकांतच उभा राहतो. डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी, १७ तारखेला, आपल्या नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांना इंग्रजांशी देवगावचा तह करावा लागला. कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. तिथे समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता आणि पाठीमागे पडलेला किल्ला होता, त्यामुळे दारातून आधी कोण आले याला काही अर्थच उरला नव्हता. म्हणून काल्पनिक राज्ये रचताना ती तोलामोलाची रचावीत. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नसावे, आणि दोघांनाही दुसऱ्यावाचून तगता येऊ नये.

आता मी ती हकीकत सांगते, जी सांगण्यासाठी खरे तर आज इथे आले आहे.

नागपुरातल्या एका शाळेच्या सभागृहात मी मुलांचे नाट्यशिबिर घेत होते. मे महिना संपत आला होता, नवतपा सुरू झाला होता, आणि दुपारी सभागृहाच्या लोखंडी दाराच्या कडीला हात लावता येत नव्हता. चौदा मुले होती. त्यांच्यासाठी मी दोन राज्ये रचली होती. एक सावळदेश. तिथल्या लोकांना झाडाची सावली घोंगडीसारखी घडी करून खांद्यावर टाकून नेता येते. मात्र ती दिवस मावळेपर्यंतच टिकते आणि ज्या झाडाची सावली उचलली ते झाड वर्षभर उघडे पडते. दुसरे झरेगड. तिथल्या लोकांना प्रत्येक झऱ्याचे खरे नाव माहीत असते आणि नावाने हाक मारली की पाणी वर येते. मात्र ते नाव परक्याला कळले की झरा आटतो. आपल्या मुलांच्या गोष्टींत बर्फाने झाकलेले किल्ले आणि शेकोटीभोवती बसलेले सरदार का यावेत, हे मला कधीच उमगले नाही. ज्या मुलाने रणरणत्या उन्हात सायकल ढकलत घर गाठले आहे, त्याच्यासाठी सावली आणि पाणी यांहून मोठी जादू नाही.

या दोन राज्यांच्या मधे एक कोरडी नदी. तिच्या पात्रात ना झाड, ना झरा. बैठक तिथे भरते. मी खडूने जमिनीवर नदीचे दोन काठ आखले होते. एका बाजूला सावळदेशाची वकील, अकरा वर्षांची एक मुलगी, मांडीवर काळी घोंगडी घेऊन बसली होती. ती घोंगडी म्हणजे तिची सावली. समोर झरेगडचा वकील, तिच्याच वयाचा एक मुलगा, आणि त्याच्या शेजारी तिवईवर खराखुरा माठ, माठावर झाकणी, झाकणीवर स्टीलचा पेला. दोघांच्या मधे दुभाषी. दुभाषीचे काम आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीकडे होते, कारण त्या कामात स्वतःचे असे एकही वाक्य नव्हते आणि ती शिबिरात सगळ्यांत लहान होती.

दुभाषी लागायचे कारण असे. झरेगडात न मागता पाणी देणे हा अपमान समजतात, कारण न मागता पाणी फक्त जनावरांपुढे ठेवतात. आणि सावळदेशाच्या भाषेत ‘मागणे’ हा शब्दच नाही. तिथे फक्त ‘देणे’ आहे. म्हणजे एकाला मागितल्याशिवाय देता येत नाही आणि दुसरीला मागता येत नाही. दूत काय खातो आणि काय पितो याला मोठा अर्थ असतो, हे आपल्याला कृष्णशिष्टाईपासून ठाऊक आहे. काम झाल्यावरच दूत भोजन घेतात असे सांगून श्रीकृष्णाने दुर्योधनाचे जेवण नाकारले आणि तो विदुराघरी जेवला. तेव्हा माझ्या बैठकीत तो पेला मधे नुसता ठेवलेला असणार, आणि कोणीही त्याला हात लावणार नाही, हे मला पक्के हवे होते.

माझ्या संहितेत शेवट असा होता की सावळदेशाची वकील तहानेने व्याकूळ होते आणि अखेर म्हणते, ‘मी पाणी मागते.’ तालमीत ती जागा आली आणि मुलगी गप्प बसली. मला वाटले ती वाक्य विसरली, म्हणून मी हळूच आठवण करून दिली. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘ताई, माझ्या भाषेत तो शब्दच नाही ना, मग मी म्हणू कशी?’

तिचे बरोबर होते. नियम मीच घातला होता आणि शेवटाच्या सोयीसाठी मीच तो मोडत होते. मी म्हटले, ठीक आहे, मग तुम्हीच ठरवा पुढे काय ते. आणि मी भिंतीला टेकून बसले.

तेवढ्यात वीज गेली. कूलरची घरघर थांबली, आणि वाळ्याचा वास हवेत तसाच लटकून राहिला. दोन मिनिटांत सगळ्यांच्या कपाळांवर घाम आला. उरलेली मुले आपापल्या बाटल्यांकडे धावली, पण खडूच्या दोन रेघांच्या मधले ते दोघे हलले नाहीत. मुलाने माठातून पेला भरला आणि दोघांच्या बरोबर मधे, फरशीवर ठेवला. थंड पाण्यामुळे पेल्याच्या बाहेरच्या अंगावर दहिवर धरले. एक थेंब सुटला, कडेवरून खाली ओघळला आणि पेल्याच्या बुडाशी फरशीवर ओले कडे उमटले. मुलगी त्या कड्याकडे बघत होती. मुलगा तिच्याकडे बघत होता. ती मागेल, मगच मी पेला पुढे सरकवीन, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. आणि तो देईल, मगच मी घेईन, हे तिच्या. खेळ कधीच संपला होता. त्या मुलांना खरोखरच तहान लागली होती आणि समोर खरोखरचे पाणी होते, तरी प्रश्न तोच उरला होता. आधी कोण?

किती वेळ गेला ते मी मोजले नाही. बाकीची मुले हळूहळू परत आली आणि काठाकाठाने गुपचूप बसली. कोणी एक अक्षर बोलले नाही. चौदा मुले एकाच वेळी इतकी शांत झालेली मी ना त्याआधी पाहिली, ना त्यानंतर.

मग ती दुभाषी उठली. झरेगडच्या वकिलाकडे वळली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘मला दोन्ही भाषा येतात. मला मागता येतं. मला पाणी द्या.’ मुलाचा चेहरा खुलला. त्याने पेला उचलून दोन्ही हातांनी तिला दिला. तिने तो ओठांना न लावता, घरी शिकवतात तसा, वरून घोट घोट घेत अर्धा संपवला. मग ती सावळदेशाच्या वकिलाकडे वळली, उरलेला अर्धा पेला तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘हे मी देते.’

देणे हा शब्द सावळदेशाच्या भाषेत होता. मुलीने पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग मांडीवरची घोंगडी उलगडली आणि नदीच्या पात्रात अशी अंथरली, की अर्धी तिच्या बाजूला आली आणि अर्धी त्या मुलाच्या पायांपर्यंत पोचली. ते मी लिहिलेले नव्हते. आम्ही कोणीच ते लिहिलेले नव्हते.

त्या संध्याकाळी मुलांना कैरीचे पन्हे दिले. पन्ह्याची कैरी भाजूनच घ्यावी, उकडलेल्या कैरीच्या पन्ह्याला तो धुराचा वास येत नाही, हे माझे मत मी त्या दिवशीही सर्वांना ऐकवले होते. पन्हे पिता पिता मुलांनी तहाचा कागद लिहायला घेतला, आणि पुन्हा तेच: कागदावर आधी नाव कोणाचे? मी त्यांना युरोपातल्या राज्यांची जुनी रीत सांगितली, की तहाच्या दोन प्रती करायच्या आणि ज्याच्याकडे जी प्रत राहणार तिच्यात त्याचे नाव आधी घालायचे. ते त्यांना लगेच पटले. दोन प्रती झाल्या.

दुभाषी तिथेच उभी होती. तिने विचारले, ‘माझं नाव कुठे?’

दोघे वकील माझ्याकडे पाहू लागले. तेव्हा मी त्यांना कार्लोविट्झच्या दालनातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याचे नाव अलेक्झांडर माव्रोकोर्दातो. तो तुर्कांच्या दरबारचा मुख्य दुभाषी होता. पण त्या तहाच्या वेळी त्याला नुसता भाषांतर करायला पाठवले नव्हते, तर सुलतानाच्या दोन प्रतिनिधींपैकी एक म्हणून बोलणी करण्याचा पूर्ण अधिकार देऊन पाठवले होते.

पुढे ही श्रुतिका ध्वनिमुद्रित केली, तेव्हा मी शेवट मुलांचाच ठेवला. पेला फरशीवर ठेवल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग पाण्याचे चार घोट. रेडिओवर इतकी शांतता ठेवू नये, ऐकणाऱ्याला प्रक्षेपण बंद पडले असे वाटते, असे मला सांगण्यात आले. मी ती शांतता एका सेकंदानेही कमी केली नाही. त्यानंतर कागदावर बोरू फिरल्याचा आवाज तीनदा येतो. पहिला सावळदेशाचा, दुसरा झरेगडचा, आणि तिसरा तिचा.

नमस्कार.